अनुबोधपट आणि त्याच्या कर्त्यांचे पूर्वव्यवसाय

अनुबोधपटाच्या समीक्षेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या मंडळींनी हा पट घडविला, ती मंडळी तो घडविण्यापूर्वी काय करीत होती, हा तो प्रश्न होय. पटाचा विषय कोणता, त्याची सामाजिक बाजू कोणती, त्याला पारितोषिक कोठे मिळाले, एवढे सांगून परीक्षणे थांबतात; कर्त्यांच्या नावांची यादी पडद्यावरून सरकत असताना प्रेक्षक उठलेला असतो आणि समीक्षकही बहुधा त्याच्याबरोबरच उठलेला असतो. कथापटाच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ चालून जाईल. तेथे प्रत्येक कामाचा स्वतंत्र धंदा बनलेला आहे आणि तो धंदा शिकविणाऱ्या संस्थाही आहेत. स्वतंत्रपणे, म्हणजे सरकारी खात्याच्या किंवा मोठ्या चित्रसंस्थेच्या आश्रयावाचून, काढलेल्या अनुबोधपटाची गोष्ट वेगळी आहे. तेथे दोनतीन माणसेच सर्व कामे करतात, आणि ती माणसे बहुधा दुसऱ्या कोणत्यातरी व्यवसायातून तेथवर आलेली असतात.

भाषाभ्यासकाला ह्या परिस्थितीशी मिळतीजुळती एक परिस्थिती चांगली परिचित आहे. प्रौढ वयात दुसरी भाषा शिकणारा मनुष्य त्या भाषेचे व्याकरण आणि शब्दसंग्रह आत्मसात करतो. पण त्याचा हेल बराच काळ मातृभाषेचा राहतो. तेलुगू मातृभाषा असलेल्या मनुष्याचे मराठी व्याकरणदृष्ट्या कितीही निर्दोष झाले, तरी वाक्याच्या शेवटचा त्याचा स्वर बल्लारपूरच्या बाजारातील कोणाही दुकानदाराला ओळखू येतो. गोंडीभाषक मराठी बोलू लागला म्हणजेही असेच होते. ह्या हेलाला दोष मानण्याचे कारण नाही. मनुष्य कोठून आला हे त्यावरून कळते, आणि पुष्कळदा ज्या भाषेत तो येतो त्या भाषेलाही त्यापासून काही लाभ होतो. अनुबोधपट ही त्याच्या बहुतेक कर्त्यांची अशी दुसरी भाषा असते. तीत त्यांच्या पहिल्या व्यवसायाचा हेल ऐकू येतो काय, आणि येत असल्यास तो कोठे उपकारक व कोठे अपकारक होतो, हे पाहण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात तरी ही परंपरा जुनी आहे. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतील व्यावसायिक छायाचित्रकार. त्यांनी १८९९ साली मुंबईतील एका कुस्तीचे चित्रण केले, आणि रँग्लर परांजपे १९०१ साली केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचे झालेले स्वागतही चित्रित केले. भारतीय अनुबोधपटाचा आरंभ ह्या चित्रणांपासून मानण्यात येतो. दादासाहेब फाळके ह्यांचा पूर्वेतिहास तर एखाद्या व्यवसायकोशासारखाच वाटतो : चित्रकला, छायाचित्रण, पुराणवस्तुसंशोधन खात्यातील नोकरी, शिळाप्रेस, जादूचे प्रयोग. 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते हे दाखविणारे एक लघुचित्र काढले होते. एकाच जागी कॅमेरा रोवून, ठरावीक अंतराने एकेक चौकट घेण्याचा हा उद्योग नटनटींच्या धांदलीत वाढलेल्या मनुष्याला सुचणे कठीण होते. ज्याने काचेची पट्टी प्रकाशाला दाखवून वाट पाहण्याचे काम वर्षानुवर्षे केले होते, त्याला ते सुचले.

ह्याच वाटेने एक शतकानंतर आलेला एक पट येथे मुख्यतः विचारात घ्यावयाचा आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा अनुबोधपट २०१६ साली कान येथील महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला, व तेथे अनुबोधपटांसाठी असलेल्या 'सोनेरी डोळा' ह्या पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याचा विशेष उल्लेख केला. पुढे ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. विषय आहे महाराष्ट्रातील फिरता सिनेमा : जत्रेच्या गावी तंबू ठोकून, मालमोटारीतून आणलेल्या यंत्रावर चित्रपट दाखविणारी टूरिंग टॉकीज. पटात तीन माणसे प्रामुख्याने येतात. मोहम्मद आणि बापू हे तंबूचे चालक. प्रकाश हा यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. फिल्मच्या रिळांचा काळ संपून संगणकीय प्रक्षेपणाचा काळ सुरू होत असतानाची ही हकीकत आहे, आणि तिचे चित्रण काही वर्षे चालले होते.

मधेशिया हे छायाचित्रकार. पट पुरा होण्याच्या पाच वर्षे आधी, २०११ साली, फिरत्या सिनेमाच्या प्रेक्षकांवरील त्यांच्या छायाचित्रमालिकेला 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेत कला आणि मनोरंजन ह्या विभागात मालिकांसाठीचे पहिले पारितोषिक मिळाले होते. तंबूतील अंधारात, पडद्यावरून परतलेल्या उजेडात उजळलेले चेहरे हा त्या मालिकेचा विषय होता. अब्राहम ह्या त्याच विषयाच्या संशोधक. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ह्या संस्थेचे साहाय्य घेऊन ह्या दोघांनी तंबूंच्या सिनेमाचा अभ्यास आरंभिला तो २००८च्या आसपास. म्हणजे पटापूर्वी स्थिरचित्रे होती आणि स्थिरचित्रांच्या बरोबरीने टिपणवही होती. पटाच्या घडणीत हा क्रम स्पष्ट दिसतो.

छायाचित्रकाराचा हेल सर्वांत प्रथम जाणवतो तो चेहऱ्यांच्या दृश्यांत. चालत्या चित्राचा धंदा करणारा मनुष्य चेहऱ्यावर फार वेळ थांबत नाही; चेहऱ्यावर काहीतरी घडावे अशी त्याची अपेक्षा असते. ह्या पटात काही घडत नसतानाही कॅमेरा चेहऱ्यापाशी थांबतो. प्रेक्षक काय पाहत आहेत हे आपणांस पुष्कळदा दाखविलेच जात नाही. ते पाहत आहेत एवढेच दिसते. चित्रपटाविषयी असूनही ह्या पटाने पडद्याकडे पाठ फिरविली आहे, आणि तिच्यामुळेच त्याला स्वतःचे असे काही सांगता आले आहे. गजेंद्र अहिरे ह्यांच्या 'टूरिंग टॉकीज' ह्या २०१३ सालच्या मराठी कथापटाशी तुलना केली असता हा फरक ध्यानात येतो. तेथे तंबू ही कथा घडण्याची जागा आहे. येथे तंबूतील पाहणे हीच कथा आहे.

तथापि ह्या हेलाची दुसरी बाजूही आहे. स्थिरचित्राला काळ नसतो, असतो तो क्षण. म्हणून छायाचित्रकार जेव्हा ऱ्हासाची गोष्ट सांगू लागतो तेव्हा ऱ्हास त्याला सुंदर दिसू लागतो. गंजलेली पत्र्याची पेटी, धुळीतून तिरपा येणारा प्रकाश, फाटलेले तंबूचे कापड ही दृश्ये पटात इतकी देखणी आहेत की, बापूच्या धंद्यात पैसा येत नाही ही साधी गोष्ट त्या देखणेपणाखाली क्षणभर दबते. जुने यंत्र भंगारात जाते तेथे मात्र हा मोह आवरला आहे. त्या प्रसंगी डोळ्यांना सुखवील असे काही ठेवलेले नाही.

संशोधकाचा हेल ओळखणे अधिक कठीण, कारण चांगला संशोधक आपले प्रमेय लपवितो. पटाला निवेदन नाही. फिरत्या सिनेमाचा इतिहास सांगणारा आवाज नाही, आकडे नाहीत, नकाशा नाही. आठ वर्षे एखाद्या विषयात घालविलेल्या मनुष्याला हे न सांगण्याचे पथ्य पाळणे किती जड जाते हे प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. पण त्या आठ वर्षांचा उपयोग झाल्याचे एका गोष्टीवरून कळते : पटातील माणसे कॅमेऱ्यासमोर पाहुण्यांशी बोलावे तशी बोलत नाहीत. आपला धंदा समजावून देण्याचे त्यांनी कधीच सोडून दिलेले दिसते. ती आता आपापसांत कुरकुर करतात, यंत्राला शिव्या घालतात, मध्येच गप्प बसतात. ज्याने परक्या गावी भाषिक सामग्री गोळा केली आहे त्याला ही पायरी ठाऊक असते. पहिल्या भेटीत निवेदक शुद्ध बोलतो, दहाव्या भेटीत बरे बोलतो, आणि पन्नासाव्या भेटीत तो खरे बोलू लागतो.

ह्याच दोघांनी पुढे काढलेल्या 'द अवर ऑफ लिंचिंग' ह्या २०१९ सालच्या लघुपटात वृत्तपत्रीय निकड अधिक आहे, व चेहऱ्यापाशी थांबण्याची सवय तेथे वेगळ्या, कठोर कामी आली आहे. तो विषय येथे विस्ताराने घेण्याचे कारण नाही.

ध्वनीचे काम ज्यांनी केले त्यांचा पूर्वेतिहास आणखी उद्बोधक आहे. पीट हॉर्नर हे कॅलिफोर्नियातील स्कायवॉकर साउंड ह्या ध्वनिशाळेतील रचनाकार. २०१५ सालच्या 'ज्युरासिक वर्ल्ड' ह्या चित्रपटाच्या ध्वनिरचनेतही त्यांचा वाटा होता. संगीत लॉरा कार्पमन ह्या अमेरिकन रचनाकर्तीचे. प्रचंड प्राण्यांना आवाज देणारा मनुष्य जत्रेतील एका जुन्या प्रक्षेपणयंत्राला आवाज देण्यास बसला, हा योग प्रथमदर्शनी विनोदी वाटेल. फलश्रुती मात्र उत्तम आहे. यंत्राची घरघर, रीळ सरकल्याची खरखर, पट्टी तुटल्यावरची अकस्मात शांतता ह्यांना ह्या पटात एखाद्या पात्राची योग्यता लाभली आहे. जो हे आवाज लहानपणापासून ऐकत आला त्याला ते ऐकूच आले नसते. परक्या कानाला ते नवे वाटले. संगीताविषयी इतके निःशंक बोलता येत नाही. दोनतीन ठिकाणी ते प्रेक्षकाच्या आधीच हळवे होते.

परंतु परक्या कानाला यंत्र जसे नवे वाटते तशीच भाषाही केवळ आवाज म्हणूनच ऐकू येते, आणि येथून ह्या लेखाच्या मुख्य शंकेस आरंभ होतो. पटात हिंदी व मराठी ह्या दोन भाषा बोलल्या जातात. कोणता मनुष्य कोणत्या क्षणी कोणत्या भाषेत शिरतो, गिऱ्हाइकाशी बोलताना त्याची भाषा कोणती आणि मदतनिसावर रागावताना कोणती, ह्यांत ह्या धंद्याचे अर्धे समाजशास्त्र साठविलेले आहे. पडद्याखाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळींत ह्यांतले काहीच उरत नाही. तेथे सर्वजण सारखेच, थोडेसे नीटनेटके इंग्रजी बोलतात. कारागीर प्रकाशचे बोलणे ह्या दृष्टीने सर्वांत मोठी हानी सोसते. ह्या मनुष्याने स्वतःच्या कल्पनेने नवे प्रक्षेपणयंत्र घडविले आहे, आणि आपल्या यंत्राविषयी तो ज्या उत्साहाने बोलतो तो पटातील सर्वांत आनंदाचा भाग आहे. यंत्र दुरुस्त करणाऱ्या मराठी कारागिराची भाषा ही स्वतंत्र अभ्यासाची वस्तू आहे. तिच्यातील नामे बहुतांशी इंग्रजीतून आलेली, क्रियापदे जवळजवळ सर्व मराठी. रीळ लावायचे असते, बेल्ट चढवायचा असतो, फिल्म तुटते. परकी नामे घेतानाही भाषा त्यांना आपले लिंग बहाल करते : प्रोजेक्टर तो, फिल्म ती, रीळ ते, आणि 'मशीन'च्या बाबतीत तर अद्याप ती की ते ह्याचा निर्णय गावोगाव निराळा आहे. खुद्द 'तंबू' हा शब्द फारसीतून आलेला, पण त्याचा 'तंबूत' होताना आज कोणाला परकेपणा जाणवत नाही. ह्या भाषेत विचार करूनच त्या कारागिराने आपले यंत्र घडविले. इंग्रजी ओळींत विचार पोहोचतो. ज्या हत्याराने तो केला ते हत्यार पोहोचत नाही.

ह्याबद्दल कर्त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. इंग्रजी ओळींवाचून पट कानपर्यंत गेलाच नसता. दोष द्यावयाचा तर तो कर्त्यांच्या यादीच्या रूढ आकृतिबंधाला द्यावा लागेल. त्या यादीत दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, ध्वनिरचनाकार, संगीतकार ह्यांना 'निर्मितिशील' म्हणून स्थान असते. भाषा जाणणाऱ्याला ते नसते. तो आभाराच्या ओळींत, बारीक अक्षरांत, वाहनचालकाच्या आगेमागे कोठेतरी सापडतो.

विदर्भाविषयीच्या दोन पटांकडे पाहिले असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. दीपा भाटिया ह्यांचा 'नीरोज गेस्ट्स' हा २००९ सालचा पट शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी आहे आणि पत्रकार पी. साईनाथ ह्यांच्या मागोमाग तो विदर्भातील घरांत शिरतो. भाटिया ह्यांचा मूळ व्यवसाय संकलनाचा. 'तारे ज़मीन पर' (२००७) आणि 'रॉक ऑन' (२००८) ह्यांसारख्या मुंबईच्या मोठ्या हिंदी चित्रपटांचे संकलन त्यांनी केले आहे. संकलकाची मातृभाषा म्हणजे दोन दृश्यांमधील सांधा. त्यामुळे ह्या पटातील सर्वांत बोलकी वाक्ये कोणाच्याच तोंडची नाहीत. ती दोन दृश्ये एकमेकांशेजारी ठेवल्याने निर्माण झालेली आहेत. शहरातील झगमगाट आणि लगेच मृताच्या घरातील भिंत, सभागृहातील व्याख्यान आणि लगेच ओसरी, अशी ही रचना आहे. छप्पन्न मिनिटांत पट आटोपतो, आणि त्या आटोपशीरपणातही संकलकाचा हात दिसतो.

साईनाथ ह्यांचे शिक्षण इतिहासाचे, व्यवसाय पत्रकारितेचा. रोमचा इतिहासकार टॅसिटस ह्याने सांगितलेली नीरोच्या मेजवानीची हकीकत, ज्या मेजवानीत उजेडासाठी माणसे जाळली गेली, ते व्याख्यानात सांगतात आणि प्रश्न नीरोचा नव्हे, त्या मेजवानीस आलेल्या पाहुण्यांचा आहे, असे बजावतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाच सुचावे असे हे रूपक पटाला नाव देऊन जाते. पण भाषेच्या दृष्टीने पाहता पटात दोन थर पडलेले दिसतात. स्पष्टीकरण होते ते इंग्रजीत. दुःख व्यक्त होते ते मराठीत. विधवा स्त्री आपल्या बोलीत काय घडले ते सांगते. ते का घडले हे सांगण्याचे काम इंग्रजीकडे. शेतीचा हिशेब, सावकाराचे व्याज, कापसाचा भाव, बियाण्याची किंमत ह्यांविषयी वऱ्हाडी बोलीत नेमके बोलता येते, नव्हे, ते रोजच बोलले जाते. कारणमीमांसेला ती बोली असमर्थ आहे असे मुळीच नाही. असे असता ही वाटणी का व्हावी ? पटाच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, आणि ते म्हटले पाहिजे, की हा पट ज्यांना उद्देशून आहे ते पाहुणेच आहेत. पाहुण्यांना त्यांच्या भाषेत बोल लावणे हा पटाचा हेतू असल्यामुळे इंग्रजीची निवड येथे सहेतुक ठरते. तरीही ओसरीवर बसलेली स्त्री आपल्याच विपत्तीची केवळ साक्षीदार राहते, मीमांसक होत नाही, ही उणीव उरतेच.

नंदन सक्सेना आणि कविता बहल ह्यांच्या 'कॉटन फॉर माय श्राउड' ह्या पटाला ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत शोधपर अनुबोधपटाचा पुरस्कार मिळाला. दोघेही पूर्वाश्रमीचे पत्रकार, आणि पटाची चाल बातमीदाराची आहे : पुरावा, प्रतिप्रश्न, पुन्हा पुरावा. तिची कामगिरी मोलाची आहे, पण प्रस्तुत प्रश्नावर तिच्यातून नवीन काही हाती लागत नाही.

आनंद पटवर्धन ह्यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) मात्र एका वेगळ्या कारणासाठी आठवावा लागतो. १९९७ साली मुंबईतील रमाबाई नगरात झालेला गोळीबार व त्यानंतर शाहीर विलास घोगरे ह्यांनी केलेली आत्महत्या येथून निघालेला हा पट चौदा वर्षांनी पुरा झाला. पटवर्धन ह्यांचे शिक्षण समाजशास्त्राचे. पण ह्या पटात भाषेची बाजू पडती राहिलेली नाही, ती पटातील माणसांच्याच व्यवसायामुळे. ती माणसे शाहीर आहेत. शब्द हाच त्यांचा धंदा. कारणमीमांसा करावयास त्यांना कोणाचे इंग्रजी लागत नाही. ते गाण्यातच ती करतात, आणि तीही ठेक्यात, विनोदासह. भाषेचा जाणकार कर्त्यांच्या यादीत नसला तरी तो कॅमेऱ्यासमोर उभा असल्याने पट तरला.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांना हा सर्व ऊहापोह दूरचा नाही. झाडीपट्टीची रंगभूमी ही फिरत्या सिनेमाची थोरली बहीण म्हणता येईल. दिवाळीनंतर धान घरात आले म्हणजे तिचा हंगाम सुरू होतो. वडसा येथे नाटक मंडळ्यांचा तळ पडतो. शंकरपटाच्या निमित्ताने गावे भरतात आणि प्रयोग रात्रभर चालतात. खड्डा खणून त्यात प्रेक्षक बसवावयाचे व निघालेल्या मातीचा रंगमंच करावयाचा, अशी ह्या रंगभूमीची जुनी रीत होती. परशुराम खुणे ह्या झाडीपट्टीच्या कलावंतास २०२३ साली पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरच्या कॅमेऱ्यांचे लक्ष इकडे अधिक वळणे साहजिक आहे. ते वळावेच. पण जो कॅमेरा येईल त्याच्याबरोबर कोण येईल ? छायाचित्रकार आला तर गॅसबत्तीची आठवण सांगणारे चेहरे मिळतील. पत्रकार आला तर तिकिटाचा हिशेब मिळेल. नाटकातील प्रमाण मराठी आणि पडद्यामागची झाडीबोली ह्यांच्यातील ये-जा कोण टिपील ? डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले आहे. ती सामग्री हाताशी असताना एखाद्या पटाने तिच्याकडे न पाहता पुढे जावे, हे हानिकारक होईल.

गोंडी आणि माडिया ह्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. ह्या भाषांत लिखित मजकूर थोडा. गोंडीसाठी लिप्या आहेत, पण बहुसंख्य भाषकांचा व्यवहार त्यांवाचून चालतो. अशा भाषेच्या बाबतीत ध्वनिमुद्रित बोलणे म्हणजे शिलालेखच होय. ग्रियर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाने जे नमुने गोळा केले त्यांत उधळ्या पुत्राची एकच बायबलातील कथा सर्वांकडून आपापल्या भाषेत वदवून घेतली होती. तुलनेसाठी ती सोय उत्तम. पण त्या कथेत बांबू तोडणारा मनुष्य कधी बांबूविषयी बोलत नाही. ह्या जंगलांतील बांबू पिढ्यान् पिढ्या बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे आला, त्या बांबूच्या जाती, तोडणी, मोळी, मजुरी ह्यांचा शब्दसंग्रह कोणत्याही ठरावीक कथेत येणार नाही. अनुबोधपटात तो अनायासे येतो. मनुष्य काम करता करता बोलतो, अडतो, पुन्हा म्हणतो, शेजाऱ्याला हाक मारतो. असे न मागता मिळालेले बोलणे ही भाषाभ्यासकाची खरी संपत्ती.

आणि नेमकी हीच संपत्ती संकलकाच्या टेबलावर टाकाऊ ठरते. अडखळणे, पुनरुक्ती, वाक्य अर्धे सोडून दुसरे धरणे, प्रश्न आणि उत्तर ह्यांमधील मौन ही संकलकाच्या धंद्यात कापून टाकण्याची वस्तू. भाषाशास्त्रात तो पुरावा. बोलणारा कोठे थांबतो ह्यावरून त्याच्या मनात वाक्याची जुळणी कशी होते ते कळते. तो कोणत्या शब्दापाशी गोंडी सोडून मराठीत येतो ह्यावरून बाजार, कचेरी आणि शाळा ह्यांनी त्याच्या भाषेत किती जागा घेतली ते कळते. दोन्ही व्यवसाय प्रामाणिक आहेत आणि दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. म्हणूनच दोघे एका खोलीत बसणे आवश्यक आहे.

दुभाष्याची स्थिती तर ह्याहून विचित्र. जंगलातील गावी चित्रण करताना प्रश्न बहुधा हिंदीत विचारला जातो. गावातील एखादा शिक्षक किंवा शिकलेला तरुण तो माडियात सांगतो. म्हातारा दहा वाक्ये बोलतो. तरुण त्यांचे हिंदीत दोन वाक्यांत सार सांगतो. आणि पुढे कोणीतरी त्या दोन वाक्यांचे इंग्रजीत एक वाक्य करतो. पडद्यावर म्हातारा बोलत असतो आणि खाली ते एक वाक्य असते. मधली आठ वाक्ये कोणी गाळली, कोणत्या निकषाने गाळली, ह्याची नोंद राहत नाही. निवड करणारा तो तरुण त्या क्षणी पटाचा लेखकच असतो. त्याचा व्यवसाय कोणता, त्याचे शिक्षण कोठवर झाले, म्हाताऱ्याशी त्याचे नाते काय, गावातील भांडणात तो कोणत्या बाजूचा, हे दिग्दर्शकाच्या पूर्वव्यवसायाइतकेच समीक्षेच्या कक्षेत यावयास हवे.

ह्या प्रदेशाच्या शेजारीच ह्याचे एक जुने उदाहरण आहे. स्वीडनचे चित्रकर्ते आर्ने सुक्सडॉर्फ ह्यांनी अबुजमाडच्या पलीकडे, बस्तरमधील नारायणपूरजवळच्या गढ बंगाल ह्या गावी मुरिया लोकांचे चित्रण करून 'एक जंगलकथा' हा रंगीत पट १९५७ साली पुरा केला. १९५८ साली तो कान येथे स्पर्धेत होता. सुक्सडॉर्फ हे निसर्गाचे छायाचित्रकार. वन्य प्राण्यांच्या मागावर तासन् तास बसणे ही त्यांची साधना, आणि शहरावरील एका लघुपटासाठी त्यांना १९४९ साली ऑस्कर मिळालेले. त्यांच्या पत्नी आस्ट्रिड ह्याही छायाचित्रकार. वाघाच्या बच्च्याशी खेळणाऱ्या चेंद्रू नावाच्या मुलावरील त्यांचे छायाचित्रांचे पुस्तक अनेक देशांत वाचले गेले. संगीत रविशंकर ह्यांचे. निसर्गछायाचित्रकार, छायाचित्रकार, सतारवादक अशी ही तीन मोठी माणसे. आणि पटात जे आहे ते ह्या तिघांच्या व्यवसायांतून उतरलेले आहे. बिबट्याची चाल अपूर्व, मुलाचा चेहरा अपूर्व, सतार अर्थातच सुरेल. मुरियांचे बोलणे मात्र ह्या तिघांपैकी कोणाच्याच व्यवसायाचा भाग नव्हते. ज्या जमातीच्या घोटुलातील गाण्यांवर व्हेरिअर एल्विन ह्यांनी दहा वर्षे आधी, १९४७ साली, भला मोठा ग्रंथ लिहिला होता, तिची कथा निवेदनाने सांगितली गेली आणि निवेदन स्वीडिश होते. चेंद्रू मंडावी २०१३ साली वारला. त्याची छायाचित्रे जगभर आहेत. तो त्या वयात काय बोलत होता हे त्या पुस्तकातून कळत नाही.

एल्विन ह्यांच्या कामाची रीत येथे मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. त्यांच्या सोबत शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ होते. गोंडांच्या वस्तीत ते राहिले, तेथली भाषा त्यांनी आत्मसात केली, आणि 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' हा गीतसंग्रह १९४४ साली निघाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर एल्विन ह्यांच्या नावाबरोबर हिवाळे ह्यांचेही नाव छापले गेले. दोन वर्षांनी त्यांनी परधानांवरील स्वतंत्र ग्रंथ स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला.